'एका क्लिकवर सगळं' ठीक आहे, पण खरी नोंद कुठली?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषय वरवर कोरडा वाटेल. पण घरपट्टीचं बिल, सातबारा किंवा रेशन कार्ड यातला एक जरी कागद तुमच्या घरात असेल, तर विषय तुमचाच आहे. सवडीनं वाचा.

आपल्याकडे नागरिकांच्या नोंदींसाठी नवीन ॲप करायची चर्चा सुरू आहे. संस्थेचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाहीच. सादरीकरणात पडद्यावर एक कुटुंब दाखवलं गेलं. कुटुंबप्रमुखाच्या नावावर क्लिक केलं की खाली माणसं, घर, घरपट्टी, नळ, रेशन, योजना, सगळं एकाच पानावर. लोक खूश झाले. कुणीतरी विचारलं, "जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे का नव्हतं?" उत्तर आलं, "ते टेबलवालं होतं साहेब. आता आपण डॉक्युमेंट डेटाबेसवर जातोय. त्याला साचा लागत नाही. काहीही, कसंही ठेवता येतं."

माझा विरोध ॲपला नाही. डॉक्युमेंट डेटाबेसलाही नाही. विरोध आहे तो त्या शेवटच्या वाक्याला. सरकारी दप्तरात 'काहीही, कसंही' ठेवलं, की त्याचा त्रास ठेकेदाराला होत नाही. त्रास होतो तो वारस नोंदीसाठी तिसऱ्यांदा रजा टाकून आलेल्या माणसाला.

मी इंजिनियर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि वीसेक वर्षं तहसील, नगरपरिषद आणि रेशन दुकानाच्या बातम्या करतोय. पण आमच्या छोट्या पोर्टलसाठी तालुक्यातल्या निवडणुकांचे निकाल जमवायचं काम मी अंगावर घेतलं. ते आधी मायएसक्यूएलमध्ये होतं, म्हणजे टेबलांत. नंतर ते मोंगोडीबीत आणलं, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये. गावातलाच एक इंजिनियर पोरगा मदतीला होता. त्यामुळे या बदलात काय सोपं आणि काय अवघड, ते हातानं करून पाहिलंय.

वही आणि फाईल

टेबल पद्धत म्हणजे वह्या. माणसांची एक वही, घरांची दुसरी, घरपट्टीच्या मागणीची तिसरी, पावत्यांची चौथी. माणसाचं नाव फक्त माणसांच्या वहीत. बाकी वह्यांत त्याचा नुसता क्रमांक. नावात दुरुस्ती झाली तर एकाच जागी करायची, सगळीकडे आपोआप नवं दिसतं. त्रास एवढाच, की साधं बिल छापायचं तरी चार वह्या उघडून जोडाव्या लागतात.

डॉक्युमेंट पद्धत म्हणजे फाईल. एका घराची एक फाईल. त्यात मालक, पत्ता, मोजमाप, नळजोडणी, सगळं टाचलेलं. फाईल उघडली की काम झालं, जोडाजोड नाही. पण तेच नाव दहा फायलींत टाचलेलं असेल तर दहा ठिकाणी बदलावं लागतं. नऊ ठिकाणी बदललं आणि एक राहिलं, की एकाच माणसाची दोन 'खरी' नावं तयार होतात.

वही की फाईल, वाद एवढाच आहे. आणि हा वाद काही कॉम्प्युटरवाल्यांनी जन्माला घातलेला नाही. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात तो कधीचाच आहे, आणि तिथं त्याचं उत्तरही आहे.

सातबारा आणि आठ-अ

महसूल दप्तरात २१ गाव नमुने असतात. त्यातला नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. सातबारा गटाचा असतो. या गटावर कुणाची नावं, किती क्षेत्र, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का, पीक कोणतं. म्हणजे ही जमिनीची फाईल झाली.

आता तुमची जमीन चार गटांत असेल आणि कुणी विचारलं, "एकूण किती?" तर चार सातबारे काढून बेरीज करत बसायचं का? त्यासाठी आठ-अ आहे. आठ-अ खातेदाराचा असतो. एक खातं आणि त्याखाली त्याचे सगळे गट. ही माणसाची फाईल.

माहिती तीच. सातबाऱ्यात जमिनीखाली माणसं आणि आठ-अ मध्ये माणसाखाली जमिनी. दोन्ही लागतात, कारण प्रश्न दोन प्रकारचे असतात. जमीन घेणारा विचारतो, "या गटावर कुणाचं नाव?" कर्ज देणारी सोसायटी विचारते, "या माणसाची एकूण जमीन किती?"

मग नाव दोन ठिकाणी लिहिलं, तर खरं कुठलं? याचं उत्तर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे. विक्री होवो, वाटणी होवो, वारस लागो की बोजा चढो, बदल आधी फेरफाराला लागतो. त्याला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग ती सातबाऱ्यावर येते. जुनं नाव पुसून टाकत नाहीत, कंस करतात. नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. म्हणजे कुठल्याही नावावर बोट ठेवून विचारता येतं, "हे इथं कसं आलं?"

ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. माहितीच्या प्रती कितीही असू द्या, बदल करायचा दरवाजा एकच पाहिजे.

हा दरवाजा इतका महत्त्वाचा का? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंद चुकली तर ती चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. हस्तदोष दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे. त्या कलमाखाली अर्ज केलेल्या कुणालाही विचारा, एका अक्षराची किंमत काय असते.

कागदावरून कॉम्प्युटरवर येताना काय होतं, तेही आपण पाहिलंय. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा जुळेना, तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. गावासमोर नोंदी वाचायच्या आणि ज्याची चूक त्यानं उठून सांगायची. त्यानंतर, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आणि २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. माणूस गेला, पण नोंदीत तो खातेदारच आहे. मग पीक कर्जाला अडचण, नुकसानभरपाईला अडचण, विकायला अडचण. डेटाबेसच्या भाषेत याला 'जुनी प्रत' म्हणतील. गावात याला पोराबाळांचे हेलपाटे म्हणतात.

हा वाद जगात कसा झाला

१९६० च्या दशकात अमेरिकेत चंद्रावर माणूस पाठवायच्या अपोलो मोहिमेच्या निमित्तानं आयबीएमनं आयएमएस नावाची प्रणाली तयार केली. तिची रचना झाडासारखी होती. वर एक गोष्ट, तिच्या फांदीला दुसरी, त्या फांदीला तिसरी. म्हणजे फाईलच्या जवळची पद्धत.

१९७० मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉड नावाच्या गणितज्ञानं एक निबंध लिहिला. त्यात त्यानं सुटे भाग आणि प्रकल्प यांचं उदाहरण घेतलं. प्रकल्पाखाली त्याचे भाग मांडायचे की भागाखाली तो वापरणारे प्रकल्प? जे झाड निवडाल, त्यावर लिहिलेले प्रोग्रॅम त्याच झाडाला बांधले जातात. झाड बदललं की प्रोग्रॅम मोडतात. आपला सातबारा आणि आठ-अ यांचाच हा प्रश्न, फक्त जमिनीच्या जागी मशीनचे भाग. कॉडनं सांगितलं की झाड नको, सपाट टेबलं करा, आणि प्रश्न येईल तेव्हा हवी तशी जोडणी करा. त्यातून आजचे टेबलवाले डेटाबेस आले. १९८१ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग २००९ मध्ये मोंगोडीबी बाजारात आली आणि फाईल परत आली. त्यामागं खरी कारणं होती. वेबसाईटवर एकाच वेळी लाखो लोक यायला लागले आणि माहिती अनेक मशीनवर पसरली. वेगवेगळ्या मशीनवरच्या वह्या जोडणं महाग पडायला लागलं. माहितीचे आकारही एकसारखे राहिले नाहीत. अशा ठिकाणी 'जे एकत्र वाचलं जातं ते एकत्र ठेवा' हा विचार बरोबरच आहे.

म्हणून 'जुनं टेबल, नवं डॉक्युमेंट' हे वाक्य कुणी ऐकवलं तर हसून सोडून द्या. दोन्ही कल्पना जुन्या आहेत आणि आता दोघी एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. टेबलवाल्या पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून डॉक्युमेंट नीट ठेवता येतं. मोंगोडीबीत २०१८ पासून अनेक डॉक्युमेंट एकाच व्यवहारात बदलता येतात, म्हणजे सगळे बदलतील नाहीतर एकही नाही. प्रश्न कोणतं यंत्र घ्यायचं हा नाही. आत नोंदी कशा मांडायच्या, हा आहे.

निवडणुकीचे निकाल मांडताना

आमच्या निकालांची टेबलं पाच होती. निवडणूक, प्रभाग, उमेदवार, पक्ष, मतं. मोंगोडीबीत नेताना सगळ्यात सोपं म्हणजे पाच टेबलांचे पाच ढीग करणं. टेबलांची सवय असलेला माणूस आधी तेच करतो. पण तसं केलं तर वह्या जोडायचा त्रास तोच राहतो, आणि टेबलांत मिळणारी शिस्त मात्र हातची जाते. दुसरं टोक म्हणजे अख्खा तालुका एका डॉक्युमेंटमध्ये कोंबणं.

त्या पोरानं मला एकच प्रश्न विचारला, "काका, तुमचा वाचक कोणतं पान उघडतो?" उत्तर सोपं होतं. वाचक विचारतो, "आमच्या प्रभागात कोण कोण उभं होतं आणि कुणाला किती पडली?" मग डॉक्युमेंट ठरलं. एका निवडणुकीतला एक प्रभाग म्हणजे एक डॉक्युमेंट, उमेदवार आणि मतं त्याच्या आत. उमेदवार मोजकेच असतात, आणि निकाल लागला की त्यात भर पडत नाही. डॉक्युमेंटसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

पेच आला पक्षाचा. महाराष्ट्रात राहून उमेदवाराचा पक्ष कुठे लिहायचा, हा काही साधा प्रश्न नाही! २०१६ च्या नगरपरिषदेला माणूस एका चिन्हावर होता. २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा. २०२५ च्या निवडणुकीला तोच माणूस तिसरीकडे. पक्ष जर फक्त उमेदवाराच्या नोंदीत ठेवला आणि तिथं बदलला, तर २०१६ चा निकालही बदललेला दिसेल. ज्यांनी त्या वर्षी एका पक्षाला मत दिलं, त्यांचं मत आपण कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या पक्षाला टाकून मोकळे!

म्हणून त्या दिवसाचं पक्षाचं नाव, चिन्ह आणि मतपत्रिकेवर जसं छापलं तसं उमेदवाराचं नाव, हे सगळं निकालाच्या डॉक्युमेंटमध्येच लिहून कुलूप लावलं. ही पुनरावृत्ती नाही, हा पुरावा आहे. पण त्याच वेळी 'या माणसानं आजवर किती निवडणुका लढवल्या' हाही प्रश्न येतोच. म्हणून प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद ठेवली आणि तिचा क्रमांक निकालात लिहिला. मतपत्रिकेवर नाव कधी पूर्ण असतं, कधी 'भाऊ' किंवा 'अण्णा' लावून असतं. नावावरून माणूस जुळवता येत नाही, क्रमांकावरून येतो. प्रभागाचंही तसंच. २०१६ चा प्रभाग ५ आणि २०२५ चा प्रभाग ५ यांचा आकडा एक, पण हद्द एकच असेल असं नाही. म्हणून प्रभागासोबत वर्ष लिहावंच लागतं.

यातून माझ्यापुरता एक हिशोब बसला. माहिती तीन जातींची असते.

पहिली, त्या दिवसाची माहिती. निवडणुकीचा निकाल, घरपट्टीचं बिल, भरल्याची पावती. त्या दिवशी जे नाव आणि जो दर होता तो तसाच राहिला पाहिजे. उद्या घर विकलं म्हणून जुन्या पावतीवर नव्या मालकाचं नाव येता कामा नये. अशी माहिती बिनधास्त कॉपी करा.

दुसरी, आजची माहिती. आजचा मालक, आजचा पत्ता, आजचा मोबाईल नंबर. हिला मूळ घर एकच पाहिजे. बाकी ठिकाणी क्रमांक लिहा. वाचायला सोपं जावं म्हणून प्रत ठेवायचीच असेल, तर मूळ बदलल्यावर प्रत कोण आणि कधी बदलणार, हे आधी ठरवा.

तिसरी, वाढत जाणारी माहिती. पावत्या, तक्रारी, नळाच्या मीटरचं रीडिंग. ही एका फाईलमध्ये टाचत गेलात तर फाईल फुगते. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. पण त्या मर्यादेच्या कितीतरी आधीच प्रत्येक छोट्या कामाला अख्खी फाईल ओढायचा त्रास सुरू होतो. अशी माहिती वेगळी ठेवा आणि घराचा क्रमांक लिहा.

कुटुंब म्हणजे नक्की कोण?

आता मुख्य मुद्दा. नव्या ॲपमध्ये 'कुटुंब' हेच डॉक्युमेंट असणार आहे आणि माणसं त्याच्या आत. दिसायला ते छानच दिसतं. पण कोणतं कुटुंब?

रेशनचं बघा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कार्डाला धान्य कुटुंबामागं मिळतं, महिन्याला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी ५ किलो. म्हणजे घरातल्या एका मुलाचं नाव नोंदीतून राहिलं, तर अंत्योदयवाल्याच्या धान्यात फरक पडत नाही, पण प्राधान्यवाल्याचे दर महिन्याला पाच किलो जातात. एकच कायदा, पण एकीकडे मोजणी कुटुंबाची आणि दुसरीकडे माणसाची.

पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. रेशन कार्डावर मात्र आई-वडील, दोन भाऊ, दोन सुना, असे सगळे एकत्र असू शकतात. तिथं जे एक कुटुंब, ते इथं तीन. लाडकी बहीण योजनेत पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, पण उत्पन्नाची अट कुटुंबाची. रोजगार हमीचं जॉब कार्ड कुटुंबाचं, पण मजुरी कामावर गेलेल्या माणसाची. आणि घरपट्टी कुटुंबाची नसतेच, ती मालमत्तेची असते. मालक पुण्यात आणि घरात भाडेकरू, अशी कितीतरी घरं आपल्या गल्लीत आहेत.

मग पडद्यावरचं ते एक 'कुटुंब' यातलं कोणतं? ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्या डोक्यातलं. म्हणजे आई, बाप, दोन मुलं आणि एक घर.

आता त्या चौकटीत न बसणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. लग्न झालेली मुलगी. तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डात वाढवायचं. मधल्या काळात ती कुठेच नसते. नवऱ्यानं सोडलेली आणि माहेरी परत आलेली बाई. भावांची चूल वेगळी झालेली पण कागद एकत्र असलेलं घर. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणारी जोडपी, आणि आजीजवळ ठेवलेली त्यांची पोरं. माणूस जर फक्त कुटुंबाच्या डॉक्युमेंटच्या आतच जगत असेल, तर त्या कुटुंबातून नाव काढलं की त्याची नोंदच संपते. आधीचे अर्ज, तक्रारी, पावत्या, सगळं तिच्या नावानं नाही तर 'त्या कुटुंबा'च्या नावानं असतं. ज्या बाईचा आधारच तुटलाय, तिच्याकडून सिस्टीम पहिला प्रश्न विचारणार, "कुटुंबप्रमुख कोण?"

म्हणून माझं म्हणणं आहे की व्यक्तीची नोंद स्वतंत्र पाहिजे. घराची नोंद स्वतंत्र पाहिजे. आणि कुटुंब हे त्यांच्यातलं नातं म्हणून लिहावं. कोणत्या योजनेसाठी, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये हे अगदी आरामात करता येतं. फक्त मुद्दाम करावं लागतं, कारण 'सगळं एकात टाचा' हे त्याहून सोपं असतं.

यात आणखी एक गोष्ट आहे. सगळं एका फाईलमध्ये टाचलं की ज्याच्या हाती फाईल, त्याच्या हाती सगळं. नळजोडणीच्या तक्रारीवर आलेल्या माणसाला घरात कोण दिव्यांग आहे आणि कोणाच्या खात्यात कोणत्या योजनेचे पैसे येतात, हे दिसायची काय गरज? कुणाला काय दिसावं याची बंधनं घालता येतात. पण ती सादरीकरणात कुणी दाखवत नाही, म्हणून मागावी लागतात.

'साचा लागत नाही' म्हणजे काय?

मोंगोडीबी तुम्हाला साचा ठरवायची सक्ती करत नाही, हे खरं. पण याचा अर्थ साचा नसतो असा नाही. तो मग प्रत्येक ऑपरेटरच्या डोक्यात असतो. एका नोंदीत 'मोबाईल', दुसरीत 'भ्रमणध्वनी', तिसरीत रकानाच नाही. एकानं जन्मतारीख दिवस आधी लिहिली, दुसऱ्यानं महिना आधी, तिसऱ्यानं नुसतं 'वय ४२'. पुढच्या वर्षी ते ४२ चं काय करायचं? भरताना कुणीही अडवत नाही. मग एक दिवस ६५ वर्षांवरच्या लोकांची यादी काढायची वेळ येते आणि निम्मे म्हातारे सापडत नाहीत.

मोंगोडीबीनंही पुढे साचा तपासायची सोय दिली आणि २०१७ मध्ये ती आणखी कडक केली. कोणता रकाना हवाच, तारीख कोणत्या रूपात, आकडा किती ते किती, हे बांधून देता येतं. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनाही ते पटलेलं आहे. विकणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

काही जण म्हणतील, "पत्रकार साहेब, छोटं गाव आपलं, कशाला एवढा किस काढताय? बिलं वेळेवर निघाली म्हणजे झालं." मला हा मुद्दा मान्य आहे, पण तो उलटा लागू होतो. आपल्यासारख्या काही हजार घरांच्या गावाला वेगाची अडचण नाहीच. एवढी माहिती कुठल्याही डेटाबेसमध्ये झटकन सापडते. आपली अडचण दुरुस्तीची आहे. नाव चुकलं तर कुठे जायचं, एकदा दुरुस्त केलं तर सगळीकडे झालं का, आणि परत तेच चुकीचं नाव वर येणार नाही याची खात्री काय? माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही लिहिलेला आहे. पण मूळ नोंद कुठली हेच ठरलेलं नसेल, तर दुरुस्ती कशाची करणार?

काय मागायचं?

निविदा निघायच्या आधी प्रत्येक नगरसेवकानं आणि आपणही हे मागावं.

१. नोंदींचा आराखडा साध्या मराठीत, कागदावर, नोटीस बोर्डावर लावा. कोणत्या गोष्टीचं एक डॉक्युमेंट आणि त्याच्या आत काय, हे सामान्य माणसाला कळलं पाहिजे.

२. प्रत्येक माहितीचं मूळ घर कोणतं, ते लिहा. मालकाचं नाव पाच ठिकाणी दिसत असेल तर त्यातलं खरं कोणतं आणि बाकीच्या प्रती कधी जुळतात?

३. प्रत्येक बदलाला फेरफारासारखा क्रमांक द्या. कुणी केला, कधी केला, कोणत्या अर्जावर केला, आधी काय होतं. जुनं पुसायचं नाही, कंस करायचा.

४. व्यक्तीची नोंद कुटुंबाच्या बाहेर, स्वतंत्र ठेवा. कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसेल, तेही ठरवा.

५. बिलं, पावत्या आणि दाखले त्या दिवशी जसे होते तसेच गोठवा.

६. जुनं सॉफ्टवेअर बंद करायच्या आधी प्रभागवार चावडी वाचन घ्या. लोकांना आपली नोंद बघू द्या, हरकत घेऊ द्या.

७. ठेका संपला की सगळी माहिती कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात, रकान्यांच्या अर्थासकट, संस्थेच्या ताब्यात आली पाहिजे.

यातल्या एकाही मागणीला फार खर्च नाही. पण त्या आत्ताच कराव्या लागतील. घर बांधून झाल्यावर पाया कुठे घ्यायचा ते कुणी विचारत नाही. लाखभर नोंदी भरून झाल्यावर रचना बदलायची म्हटलं तर ठेकेदार नवीन बिल काढेल आणि अधिकारी म्हणतील, "सिस्टीममध्ये बसत नाही."

'सिस्टीममध्ये बसत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. ते ऐकून माणूस गप्प बसतो, कारण त्याला वाटतं हा कॉम्प्युटरचा नियम असेल. तसा कुठलाही नियम नसतो. कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून कुणीतरी ठरवलेलं असतं की कुटुंब म्हणजे अमुक आणि मालक म्हणजे तमुक.

डेटाबेस कोणता वापरायचा हे खुशाल ठेकेदारानं ठरवावं, ते त्याचं काम आहे. पण आपल्या गावात कुटुंब कुणाला म्हणायचं, मालक कुणाला म्हणायचं आणि खरी नोंद कोणती मानायची, हे सभागृहात, लोकांसमोर ठरलं पाहिजे. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला या सातपैकी निदान दोन प्रश्न विचारा. तो जे उत्तर देईल ते मला कळवा. मी छापतो.